गाडीत कुठे बसला होतात?

आई म्हणते, मी झोपेत बोलते. शब्द रोजचेच असतात. ‘श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा.’ भिंतीपलीकडून तिला ते ऐकू येतं आणि अर्धवट झोपेत तीही श्वास घेते, धरून ठेवते. एकदा सकाळी चहा गाळताना म्हणाली, “काल तू ‘सोडा’ म्हणालीच नाहीस. मी किती वेळ तशीच पडून होते.”

मी नाशिकमधल्या एका रुग्णालयात एक्स-रे काढते. दिवसभरात मी जे काही बोलते त्यातलं बरंचसं या तीन वाक्यांत संपतं, आणि मला ते बरं वाटतं. शाळा इंग्रजी माध्यमाची. तिथे मराठीत बोललं की टीचर रागवायच्या, घरी इंग्रजीत बोललं की आजोबा हसायचे. मग मी दोन्हीकडे गप्प राहायला शिकले. ती सवय अजून सुटलेली नाही.

या अंकाच्या संपादक बाई माझ्या मावशीच्या ओळखीच्या. त्यांनी सुचवलं की मोटारीच्या अपघातात नुसत्या बसलेल्या माणसाला लागलं, तर त्याने काय काय करावं ते एकदा नीट लिही, लोकांना उपयोग होईल. मी आकडे घालून क्रमाने लिहायला बसले. दोन ओळींपुढे गेले नाही. मला त्या गोष्टी माणसांसकटच आठवतात. माणूस काढून टाकला की सूचना नुसती भिंतीवरच्या पाटीसारखी होते, आणि आमच्या भिंतीवरच्या पाट्या कोणी वाचत नाही.

आमच्या खोलीला खिडकी नाही. बाहेर मे महिना रणरणत असला तरी आत गारवा आणि यंत्राची एकसुरी घरघर. पाण्याखाली गेल्यासारखं वाटतं. पेशंट टेबलावर आणि मी शिसं मिसळलेल्या काचेमागे. बटण दाबलं की पडद्यावर हळूहळू एक माणूस उमटतो, पण आतून. बरगड्या दव पडलेल्या तारांसारख्या. हाताची बोटं तर इतकी नाजूक दिसतात की याच हातांनी लोक कुदळ मारतात यावर विश्वास बसू नये. पहिल्या वर्षी मला वाटायचं, आपण दिवसभर लोकांची स्वप्नं बघतो आहोत.

या अवयवांची मराठी नावं मला पेशंटांनी शिकवली. कॉलेजात सगळं इंग्रजीत झालं होतं. तिथे दुखण्याला एकच शब्द होता. इथे आल्यावर कळलं की ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी, आणि शिणक या तिन्हींहून वेगळी. एका आजीने खुब्यात शिणक भरल्याचं सांगितलं, तेव्हा मी दोनदा विचारलं. तिने डॉक्टरांना जाऊन सांगितलं की तुमची पोरगी गोरी आहे पण बहिरी आहे.

खोलीबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. रुग्णालयात कुठेही जा, नातेवाईक बरोबर असतात. तपासताना, सलाईन लावताना, जेवताना. पेशंटला काही विचारलं तर उत्तर नातेवाईक देतात. फक्त एक्स-रेच्या खोलीतून त्यांना बाहेर जावं लागतं. जड दार लागतं, वरचा लाल दिवा पेटतो आणि आत पेशंट एकटा उरतो. बऱ्याच जणांना तो एकटेपणा अनेक दिवसांनी मिळालेला असतो. मग ते बोलतात. मी कमी बोलते म्हणून बहुधा जास्तच बोलतात.

नाशिक रोडचे एक काका आले होते. नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झालेले. काकू गाडी चालवत होत्या, हे शेजारी. भाजी बाजारापर्यंतच जायचं होतं. पुढच्या रिक्षाने अचानक ब्रेक मारला, काकूंनीही मारला, आणि काका डॅशबोर्डावर आपटले. काकूंना काही झालं नाही, कारण त्यांनी पट्टा लावला होता. काकांनी का लावला नव्हता, ते त्यांनी दार बंद झाल्यावर दबक्या आवाजात सांगितलं. काकू नुकत्याच गाडी शिकल्या होत्या. आपण पट्टा लावला तर आपला त्यांच्यावर विश्वास नाही असं त्यांना वाटेल, म्हणून. प्रिंट हातात दिली तेव्हा त्यांनी ती सवयीने दिव्यासमोर तिरकी धरली, चारही कोपरे पाहिले आणि म्हणाले, “खरी आहे.” एक बरगडी तडकली होती. ती त्यांनी काकूंना फार कौतुकाने दाखवली.

अंबडच्या कारखान्यातला एक फिटर आला तो अपघातानंतर दोन-तीन दिवसांनी. चौघं मित्र एकाच गाडीने कामावर जायचे. मागून टेम्पोने धडक दिली. डिकी चेपली, माणसं हसत उतरली. मित्राची गाडी, मित्राचं नुकसान झालेलं, त्यात आपली मान दुखतेय हे काय सांगायचं, म्हणून हा सरळ ड्यूटीवर गेला. मग मान धरली. मग कोणीतरी तेल लावून रगडून दिली. माझ्यासमोर उभा राहिला तेव्हा हाक मारली की सगळं अंग वळवून बघायचा. “मॅडम, बॉस ओरडला तरी मला आधी पूर्ण फिरावं लागतं,” म्हणाला. “त्याला वाटतं, मी मान देतोय.” हाडं शाबूत होती. मानेला पट्टा बांधून घरी गेला. मानेचं हाड तडकलेलं असताना ती रगडली, तर काय होऊ शकतं ते मला माहीत होतं.

गाडी चालवणाऱ्याला निदान अपघात आपला वाटतो. मागे बसलेल्याला तोही आपला वाटत नाही. गाडी दुसऱ्याची, चूक दुसऱ्याची, धावपळ दुसऱ्याची, मग आपलं दुखणं मध्ये कुठे आणायचं? आपल्याकडे याला भीड म्हणतात. मी स्वतः भिडस्त आहे, म्हणून मला ती लांबून ओळखू येते. ती एक्स-रेमध्ये दिसत नाही एवढंच.

आता कौसामावशींची गोष्ट. नाव बदललं आहे.

अधिक महिना चालू होता. या महिन्यात जावयाचं काय महत्त्व असतं ते मराठी घरात सांगायला नको. त्याला जेवायला बोलवायचं, अनारशांचं वाण द्यायचं, दिवा द्यायचा. कौसामावशी सायखेड्याच्या. घरचा मोगऱ्याचा आणि भाजीचा मळा. त्यांना घेऊन लेक आणि जावई सकाळीच आले. मावशींचा डावा हात ओढणीने गळ्यात अडकवलेला. डॉक्टर मॅडमना सांगण्यात आलं की सकाळी मोरीत पाय घसरला, हातावर पडल्या, खांदाही दुखतोय. मॅडमनी विचारायचं ते सगळं विचारलं, तपासलं आणि मनगटाचा नि खांद्याचा एक्स-रे लिहून दिला. मोरीत घसरलेल्या माणसाला जे करायचं ते त्यांनी बरोबरच केलं होतं.

लेक मंगल दारापर्यंत आली. जावई, संदीप, मागेच थांबले. त्यांनी कपाळावर टोपी खाली ओढली होती आणि ते सारखे जमिनीकडे बघत होते. दार लागलं.

मनगट झालं. मनगट मोडलं होतं, ते मलाही दिसत होतं. खांद्यासाठी गळ्यातलं काढावं लागतं, धातू मध्ये येतो. बायकांना मंगळसूत्र काढणं जिवावर येतं. म्हणून मी ड्रॉवरमध्ये पिवळ्या दोऱ्याचं रीळ ठेवते. तो गळ्यात बांधायचा, मग पोत काढायची. हे मला कोणी शिकवलं नाही, एका पेशंटच्या सासूने सुचवलं आणि मी चालू ठेवलं. मावशींना दोरा बांधला. पोत मागे अंबाड्यात अडकली होती. अंबाड्यावर घरच्या मोगऱ्याचा गजरा, अजून ताजा. पोत सोडवताना माझ्या बोटांना काहीतरी टोचलं. कळ्यांच्या मधोमध काचेचे दाणे होते. खडीसाखरेसारखे, चौकोनी, किंचित हिरवट. दिव्याखाली ते चमकले तेव्हा क्षणभर वाटलं की कोणी मुद्दाम ओवले आहेत.

मोरीत अशी काच नसते. घरातली काच फुटली की तिचे लांब, धारदार तुकडे होतात. असे दाणे फक्त मोटारीच्या खिडकीचे.

त्यांना टेबलावर आडवं केलं. पाठ टेकताच त्या कळवळल्या आणि डाव्या खांद्यावर हात नेला. बसवलं, तर कळ कमी झाली. परत आडवं केलं, परत आली. खांद्यावर खरचटलेलं नाही, सूज नाही. त्याचा अर्थ लावणं माझं काम नाही. पण जे दिसतं ते पुढे सांगणं माझं काम आहे, आणि सांगायचं तर आधी विचारायला हवं.

विचारणं मला कधीच सोपं गेलेलं नाही. मी काचेमागे गेले. तिथून माईकवर बोलता येतं, समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. ‘अपघात झाला का’ असं विचारलं असतं तर त्या नाही म्हणाल्या असत्या.

“मावशी, गाडीत कुठे बसला होतात?”

“मागं. डाव्या अंगाला,” त्या सहज म्हणाल्या. आणि मग मान वळवून काचेकडे बघत राहिल्या.

मी काचेमागून बाहेर आले, त्यांच्याजवळ उभी राहिले.

“कोणी सांगितलं तुला?”

“कोणीच नाही. तुमच्या गजऱ्यात काच आहे.”

त्यांनी उजव्या हाताने गजरा चाचपला. मग हळूहळू सगळं आलं. जावई आणि लेक आदल्या संध्याकाळी आले होते. सकाळी आधी गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, जाऊन दिवा सोडायचा, परत आल्यावर जेवण आणि वाण, असं ठरलेलं. रस्त्यात बांधावरून ट्रॅक्टर आडवा आला. संदीपरावांनी गाडी वळवली, ती घसरली आणि मागचं डावं दार लिंबाच्या झाडावर आदळलं. पुढच्या दोघांनी पट्टा लावला होता. मागे पट्टा होता, पण त्याचं बकल सीटकव्हरखाली गाडलं गेलेलं. ते सीटकव्हर मावशींनीच जावयाला दिवाळीत दिलं होतं.

“मोरीचं कोणी ठरवलं?”

“मी. पोरीला आन् त्यांनापण शपथ घातली.” त्यांनी माझा हात धरला. “बाई, तुझ्या पाया पडते. अधिकाचा महिना हाय. जावयाला वाण द्यायचं सोडून पोलिसात देऊ का मी? त्यांचं नाव यील.”

“येईल,” मी म्हणाले. खोटं बोलवेना. “अपघात असला की इथून पोलिसांना कळवतात, तो नियमच आहे. पण डॉक्टरांना खरं कळलं नाही तर त्या मोरीत पडलेल्या बाईवर उपचार करतील.”

“मनगटच तर दुखतंय.”

“आणि खांदा? खांद्यावर काय आपटलं?”

त्यांनी विचार केला. “काय नाय आपटलं,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचं त्यांनाच ते विचित्र वाटलं असावं. कपाळावर घाम आला होता. खोली गार होती. “कुशीत जरा जड जड वाटतंय. पण मंगलला तिथं नांदायचं हाय गं.”

“मंगलला आईपण लागेल की, मावशी.”

मी हे कसं बोलले मला कळलं नाही. एवढं घरातलं वाक्य मी घरातही बोलत नाही. मावशींनी डोळे मिटले. गजऱ्याचा वास त्या बंद खोलीत फार दाट झाला होता.

“मी नाय सांगणार,” शेवटी त्या म्हणाल्या. “माझ्या तोंडून जावयाचं नाय निघायचं. तू सांग.”

मी दार उघडलं आणि कॉरिडॉरच्या टोकाला असलेल्या मॅडमना हाक मारली. माझा आवाज इतका मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. वॉर्डबॉय, नर्स, बाकावरचे लोक, सगळे वळले. मॅडम धावतच आल्या. मी म्हणाले की या मोटारीत मागे डावीकडे बसल्या होत्या, दार झाडावर आदळलं, पट्टा नव्हता, आडवं केलं की डाव्या खांद्यात कळ येते, कुशीत जड वाटतंय, घाम आलाय. एका दमात. नंतर आठवून मीच लाजले.

मॅडमनी मंगलकडे पाहिलं. ती ओढणीचं टोक पिळत म्हणाली, “मोरीत...” आणि तिने नवऱ्याकडे पाहिलं.

संदीपरावांनी टोपी काढली. कपाळावर खोक होती, रक्त वाळलेलं. “नाय मॅडम. गाडीतच लागलं. मीच चालवत व्हतो.” मग दाराकडे बघून, “मामी, शपथ मोडली मी. माफ करा.”

आत मावशींनी चांगल्या हाताने पदर तोंडावर ओढून घेतला.

पुढचं मी बाहेरूनच पाहिलं. मॅडमनी तिथल्या तिथे पोटाची सोनोग्राफी केली. डाव्या बरगड्यांच्या आड प्लीहा नावाचा लहानसा, रक्ताने भरलेला अवयव असतो. तो फाटला होता आणि पोटात रक्त साठत होतं. खांद्याची कळ तिथून येत होती. खांद्याला काहीच झालं नव्हतं. मावशींना शस्त्रक्रियेला नेलं. मंगल भिंतीला टेकून उभी होती, संदीपराव पोलिसांना काय झालं ते सांगत होते, ट्रॅक्टर कुठून आला, गाडी कुठे घसरली. त्यांच्या आवाजात सुटका होती. माझ्या टेबलावर मंगळसूत्र तसंच राहिलं होतं. ते मी मंगलच्या हातात दिलं, तर तिने ते कपाळाला लावलं आणि मग रडली.

मी पुढच्या पेशंटला आत घेतलं. एका मुलीचा घोटा. आमच्या कामात हे असंच होतं, माणसाच्या आतलं सगळं बघायचं आणि मग तो कुठल्या दाराने गेला ते कळत नाही. बहुतेकांचं पुढे काय झालं हे मला कधीच समजलेलं नाही. रात्री झोपेत कदाचित मी त्यांनाच ‘सोडा’ म्हणत असेन.

संपादक बाईंना हवं होतं ते आता लिहिता येईल. तुम्ही गाडीत बसलेले असाल आणि अपघात झाला, तर आधी गाडी बंद करायला सांगा. मान किंवा पाठ दुखत असेल तर हलू नका, आणि आग किंवा तसाच काही धोका नसेल तर कोणी खेचून बाहेर काढायला लागलं तरी त्यांना थांबवा. रुग्णवाहिकेसाठी एकशे आठला फोन करायला सांगा. लोक पाणी आणून देतील, चहा आणतील. त्यांचा भाव चांगला असतो, पण डॉक्टरांनी बघेपर्यंत पोटात काही घेऊ नका. शस्त्रक्रिया लागू शकते. काही दुखत नसलं तरी त्याच दिवशी दाखवा, नंतर काही दुखायला लागलं तर परत जा, आणि तोवर कोणाकडून काही रगडून घेऊ नका. जमलं तर गाडीचे, जागेचे फोटो कोणाला तरी काढायला सांगा, रुग्णालयाचे कागद जपा. विम्याची भरपाई बसलेल्या माणसालाही मागता येते. ते वकील नीट सांगतील, पण कागदावर पहिल्या दिवशी मोरी आणि नंतर मोटार असं झालं की त्यांच्याही हातात फार काही उरत नाही.

आणि हे सगळं विसरलात तरी एक सांगा. कुठे बसला होतात, पट्टा होता का, गाडी कुठल्या बाजूने आदळली. चालवणारा तुमचा कोण लागतो ते डॉक्टर विचारत नाहीत.

मावशी परत आल्या तेव्हा पावसाळा लागला होता. अंगाने उतरल्या होत्या, पण चालत आल्या. मनगटाचा फोटो परत काढायचा होता. अंबाड्यावर गजरा होताच. संदीपराव दारापर्यंत आले. मी सगळ्यांना विचारते तसं मावशींनाही विचारलं, काय झालं होतं?

मावशींनी पत्ता सांगावा तसं सांगितलं. “जावयाच्या गाडीत. मागं, डाव्या अंगाला. पट्टा नव्हता. दार लिंबाला लागलं.”

“मी चालवत व्हतो,” संदीपराव दारातून म्हणाले.

“तुम्हाला कोणी विचारलं? बाहेर थांबा, लाल दिवा लागंल,” मावशी म्हणाल्या.

दार लागलं. मी त्यांचा हात प्लेटवर ठेवला, बोटं सरळ केली आणि काचेमागे गेले.

“श्वास धरू?” त्यांनी विचारलं.

“मनगटाला लागत नाही, मावशी.”

“मग बोलले तर चालंल?”

“हात हलवू नका. बाकी बोला.”

मग त्या बोलल्या. अधिक महिना खाटेवर गेला, वाण राहूनच गेलं, डब्यातले अनारसे पोरांनी संपवले. घरी आल्यावर त्यांनी जावयाला विचारलं की वाण राहिलं, आता काय देऊ? संदीपरावांनी आदल्या दिवशीच मागची सीटकव्हरं फाडून बकलं वर काढली होती. म्हणाले, मामी, तुम्ही पट्टा लावून बसत जा, तेच वाण. आता त्या लावतात. लावतात आणि वर सारखं बोलतात. ट्रॅक्टर आला, हळू घ्या. वळण आलं, हळू घ्या. मंगल म्हणते, आई, गप बस, त्यांना काय वाटंल? “म्हणलं, वाटू दे. डोळे मलापण हायेत.”

पडद्यावर त्यांचं मनगट उमटलं होतं. मोडल्या जागी नवं हाड धरलं होतं, किंचित धुरकट, दुधावर धरलेल्या सायीसारखं. फोटो झाला होता. त्यांना हात काढा म्हणायला हवं होतं.

त्या बोलत होत्या, म्हणून मी थोडा वेळ थांबले.